खालची रांग

सांगलीच्या त्या धर्मादाय दवाखान्यात हरणाबाई ना नर्स होती, ना आया, ना झाडूवाली. हजेरीपत्रकात तिच्या नावापुढे ‘बाटल्या धुणारी’ एवढंच लिहिलेलं असे. ऐकायला काम किरकोळ. पण रक्त तपासायच्या काचेच्या नळ्या ज्याने कधी धुतल्या असतील त्याला विचारा. करंगळीएवढी नळी, तळाला निमुळती, आत जाईल असा ब्रश अख्ख्या दवाखान्यात एकच, आणि लढाई सुरू झाल्यापासून नवी नळी मिळणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. एक फुटली की तपासणीच्या खोलीत सुतक लागायचं. हरणाबाईच्या हातून चार वर्षांत तीन फुटल्या. त्या तिन्हींच्या तारखा तिला तोंडपाठ होत्या.

ती मूळची कडेगावजवळच्या एका वाडीची, उंब्रजच्या बाजूला दिलेली. चाळीस सालच्या भाद्रपदात तिच्या सासरी मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉईड, शिरला. तिचा नवरा गुंडा आणि ती दोघंही एकाच बैलगाडीत पडून कऱ्हाडपर्यंत आली आणि तिथून रेल्वेने सांगलीला. एकोणिसाव्या दिवशी गुंडा गेला. हरणाबाई जगली. डोक्यावरचे केस गेले, पायातलं बळ गेलं, पण जगली. सासरची माणसं भेटायला आली ती एवढंच सांगून गेली, की हिचा ताप त्यानं घेतला, नाहीतर तो कशाला जातोय.  माहेरी आईवडील नव्हते. चुलत्याचा संसार वेगळा; आपला म्हणावा असा हिनेच वाढवलेला धाकटा भाऊ नाथाजी तेवढा होता, आणि तोही त्याच वर्षी पलटणीत भरती झाला होता. हरणाबाईने परत जायचं नाव काढलं नाही. दवाखान्यातच काम मागितलं.

काम दिलं अण्णा सोमणांनी. तपासणीची खोली त्यांच्या ताब्यात होती. ते डॉक्टर नव्हते, पण डॉक्टर त्यांना विचारल्याशिवाय कागदावर काही लिहीत नसत. स्वभाव असा, की भांड्यात काल उकळून गाळून ठेवलेलं पाणी आज कोणी वापरायला घेतलं तर ते भांडं त्याच्या हातातून काढून मोरीत ओतायचे.

‘‘उकळलंय की वो त्ये,’’ हरणाबाई पहिल्या आठवड्यात म्हणाली होती.

‘‘उकळून जंतू मरतो. त्याच्या अंगातलं विष मरत नाही,’’ अण्णा म्हणाले. ‘‘मेलेला जंतूसुद्धा माणसाला हुडहुडी भरवतो. तुझ्या तापाचा जंतू तसलाच. त्याला शेपट्या असतात आणि अंग असतं. विष असतं ते अंगाच्या सालीत.’’

‘‘मंग माणूस जगतो कसा?’’

‘‘रक्त शिकतं. ते विष ओळखायला शिकतं, आणि ओळखलं की त्याला धरतं. तुझं रक्त शिकलं म्हणून तू आज इथं उभी आहेस.’’

हरणाबाईने हातातला ब्रश धुऊन ठेवला. मग म्हणाली, ‘‘त्येंच्या रगताला का न्हाई उमगलं?’’

 अण्णा चष्मा काढून पुसत म्हणाले, ‘‘वेळ मिळाला नसेल, बाई.’’

हरणाबाईचं शिक्षण सुरू झालं ते असं. रोग्याचं रक्त गोठलं की वर जे पिवळसर पाणी सुटतं ते अण्णा नळ्यांमध्ये घालायचे, पहिल्या नळीत दाट, पुढच्यांत पातळ करत करत. त्यात पुण्याहून आलेले मेलेले जंतू मिसळायचे. बाटल्या दोन असत. एका बाटलीतल्या जंतूंच्या शेपट्या शाबूत ठेवलेल्या, दुसरीतल्यांचं नुसतं अंग. म्हणून नळ्यांच्या रांगाही दोन, वरची शेपट्यांची आणि खालची अंगाची. दोन्ही रांगा कोमट पाण्याच्या तांब्याच्या घंगाळात उभ्या राहत. रक्ताने जंतू ओळखला तर गढूळ पाणी निवळून तळाशी गोळा बसायचा. वरच्या रांगेत तो दोन तासांतच दिसे, सावरीच्या कापसासारखा फुगीर. खालची रांग मात्र सकाळपर्यंत ताटकळत ठेवी आणि मग तळाशी बारीक रवा दिसे. धुताना हरणाबाईच्या हाताला फरक कळायचा. कापूस एका हिसक्यात सुटून जाई. रवा हलवूनही रवाच राही.

नवी बाटली आली की ती चांगली आहे का हे बघायला अण्णा हरणाबाईचंच रक्त घ्यायचे. ताप येऊन गेलेलं हुकमी रक्त घरातच होतं, मग बाहेर कशाला जा! पहिले काही महिने तिच्या रक्ताने दोन्ही रांगा बसायच्या. मग खालची रांग हळूहळू ढिली पडत गेली. वर्षा-दीड वर्षाने वरच्या रांगेत कापूस होता आणि खालची सगळी गढूळ. हरणाबाई घाबरली.

‘‘माजं रगत इसरलं का वो?’’

‘‘शेपट्यांची ओळख वर्षानुवर्षं टिकते. अंगाच्या विषाची ओळख ताप असताना जोरात असते, मग ओसरते,’’ अण्णा म्हणाले. ‘‘आणि नीट ऐक. पलटणीतल्या माणसाला या तापाच्या लशीची सुई टोचलेली असते. त्याचीही वरची रांग बसते, ताप दुसराच कसला असला तरी. शिपाई आला की वरच्या रांगेवर विसंबायचं नाही. सकाळपर्यंत थांबायचं आणि खालची बघायची.’’

त्रेचाळीस साली अण्णांनाच लष्कराच्या दवाखान्यात बोलावणं आलं. जाताना त्यांनी भुशात गुंडाळलेल्या बारा कोऱ्या नळ्यांची पेटी हरणाबाईच्या हातात दिली. अगदी अडल्याशिवाय उघडायची नाही, असं बजावलं आणि गेले.

त्यांचं काम डॉक्टर शकुंतला आगाशे यांच्या गळ्यात पडलं. बायकांची खोली, पुरुषांची खोली, बाळंतिणी आणि वर आता ही तपासणी. बाई हुशार होती, कष्टाळू होती आणि सदा घाईत होती. तिची चूक काढायला बसलं तर सापडेल, पण मग दिवसाला तास किती असतात हेही कोणीतरी बघायला हवं.

चव्वेचाळीसच्या दिवाळीनंतर नाथाजी ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून रजेवर आला. मिरजेला गाडीतून उतरला तो सरळ बहिणीच्या खोलीवर, दवाखान्याच्या मागे. हरणाबाईने दार उघडलं. पोरगा हळद लावल्यासारखा पिवळा.

‘‘कावीळ न्हवं, आक्का,’’ तो हसत म्हणाला. ‘‘हिवतापाच्या गोळ्या हायेत. सगळी पलटण पिवळी हाय.’’

आता खरं तर इथेच विषय संपायला हवा होता. पण तुळशीचं लग्न झालं की कडेगावच्या चंद्राबाईची थोरली मनुबाई बघायला जायचं ठरलेलं होतं, आणि हरणाबाईच्या डोक्यात चार वर्षं त्या लग्नाशिवाय दुसरं काही नव्हतं. तिने गोळ्यांचा पत्र्याचा डबा त्याच्या पिशवीतून काढून घेतला.

‘‘आक्का, साहेबाचा हुकूम हाय. रजेवर गेलं तरी महिनाभर गिळायच्या.’’

‘‘साहेब तुला मुलगी देणार हाय व्हय? असल्या पिवळ्या नवऱ्याला कोन बी दारातनंच माघारी लावंल. लगीन ठरू दे, मंग गीळ हव्या तेवड्या.’’

जंतूचं अंग कुठलं आणि शेपटी कुठली हे जाणणाऱ्या बाईने हे केलं. शहाणपण असं ठरावीक खोलीपुरतंच असतं कधी कधी. डबा फडताळाच्या वरच्या फळीवर गेला आणि नाथाजी वाडीला.

मुलगी बघायचा दिवस उजाडायच्या आतच तो अंथरुणाला खिळला. गावात काढे झाले, अंगारे झाले. नवव्या दिवशी त्यांचा चुलता नानासो त्याला घेऊन दवाखान्यात आला तेव्हा पोरगा बरळत होता. रजा संपून चार दिवस झाले होते. नोंदवहीत धंदा काय लिहायचा असं विचारल्यावर नानासो चटकन म्हणाला, ‘‘शेती.’’ फरारी म्हणून पकडून नेतील, ही त्याची भीती. हरणाबाई शेजारीच उभी होती. तिने ऐकलं आणि गप्प राहिली.

डॉक्टर शकुंतलाबाईंनी रक्त घेतलं. काचेवरच्या थेंबात हिवतापाचं काही दिसलं नाही. दुपारी चारला त्यांनी घंगाळातली वरची रांग उचलून उजेडात धरली. सहाच्या सहा नळ्यांत कापूस बसला होता.

‘‘मुदतीचा ताप,’’ त्या म्हणाल्या. ‘‘याला औषध नाही, हरणाबाई, तुला माहीतच आहे. पेज द्यायची, अंग पुसायचं आणि मुदत संपायची वाट बघायची. माझ्या हातात असतं ते सगळं करीन.’’

‘‘खालची रांग?’’

‘‘वरची इतकी स्पष्ट आहे. दोन्ही धुऊन टाक. उद्या चार तपासण्या लावायच्यात, नळ्या कुठून आणू?’’

बाई गेल्या. हरणाबाईने वरच्या रांगेतली पहिली नळी हलवली. कापूस सुटला आणि पाण्यात विरून गेला. तिचा हात तिथेच थांबला. शिपाई आला की वरच्या रांगेवर विसंबायचं नाही. आणि हा शिपाई आहे हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं, कारण ती स्वतः तोंड शिवून उभी राहिली होती.

तिने खालची रांग धुतली नाही. घंगाळाखालच्या दिव्यात तेल घातलं, वात बेताची केली आणि अण्णांची भुशातली पेटी उघडून बारा कोऱ्या नळ्या उद्यासाठी मांडून ठेवल्या. अडलेली वेळ याहून दुसरी कोणती असणार होती? मग ती भावाजवळ जाऊन त्याचं अंग पुसत बसली. तो मधूनच कोणा सोबत्याला हाका मारत होता. तिला त्याने ओळखलं नाही.

सकाळी उजाडल्या उजाडल्या तिने खिडकीशी नेऊन एकेक नळी पाहिली. सगळ्या एकसारख्या गढूळ. टिचकी मारली, तिरकी धरली, पुन्हा पाहिली. रव्याचा कण नाही. डोळे चोळून सहाही नळ्या तिने परत पहिल्यापासून पाहिल्या.

खरं सांगायचं तर तळाशी रवा दिसावा असं तिला क्षणभर वाटलं. मुदतीचा ताप निघाला असता तर कोणाचीच चूक नव्हती, आणि फळीवरचा तो डबा फळीवरच राहिला असता. पण नळ्या गढूळ होत्या. तिच्या भावाच्या रक्ताने ते विष पाहिलेलंच नव्हतं. त्याला दुसरंच काही मारत होतं, आणि गोळ्या बंद करून त्या दुसऱ्याला वाट मोकळी करून देणारी ती होती.

ती खोलीवर गेली आणि डबा घेऊन आली. व्हरांड्यात नानासो आडवा आला.

‘‘हरणे, कुटं निगालीस? तोंड उघडलंस तर पोराच्या हातात बेड्या पडतील, ध्येनात ठेव.’’

‘‘बेड्या घालायला हात जिते ऱ्हायला पायजेत न्हवं, काका? सरा बाजूला.’’

डॉक्टर शकुंतलाबाई नुकत्याच येऊन बसल्या होत्या. हरणाबाईने त्यांच्या टेबलावर एका बाजूला नळ्यांची चौकट ठेवली आणि दुसऱ्या बाजूला डबा.

‘‘हे काय? काल धुवायला सांगितलं होतं ना मी?’’

‘‘सांगितलं हुतं. मी न्हाई धुतल्या.’’

‘‘म्हणजे आता दवाखान्यात माझ्या सांगण्याला काही अर्थच उरला नाही!’’ बाई ताडकन उठल्या.

‘‘रागवा, बाई. कामावरनं काढा. पर आदी ऐका.’’ हरणाबाईने चौकट त्यांच्या पुढे सरकवली. ‘‘नाथा शेतकरी न्हाई, पलटणीत हाय. त्येला सुई टोचलीया, आखाडातच. म्हनून वरची रांग बसली. खालची बघा. रातभर ठेवली, येक कण न्हाई. ताप आज धाव्या दिसात हाय. मला ताप यिऊन गेल्यावर माजी खालची रांग गच्च बसायची, अण्णांनी दावलीया मला.’’

बाईंनी नळी उचलली. मग दुसरी. राग चेहऱ्यावर तसाच होता, पण डोळे कामाला लागले होते. बोलल्या तेव्हा हळू बोलल्या. ‘‘एवढ्यावरून मुदतीचा ताप नाहीच, असं छातीठोकपणे सांगता येत नाही.’’

‘‘मंग नगा सांगू. रगत परत बघा. ह्यो डबा बघा. बर्म्यातनं आलाय त्यो. हिवतापाच्या गोळ्या महिनाभर खायच्या हुत्या त्येनं.’’

‘‘मग का नाही खाल्ल्या?’’

आता आलं ते. हरणाबाईने टेबलाची कड धरली. ‘‘मी बंद केल्या. पिवळा दिसत हुता. मुलगी बघायची हुती.’’

 शकुंतलाबाई काय बोलतील याला हरणाबाई तयार होती. पण त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘काल वहीत शेती लिहिलेलं मी वाचलं, आणि पुढे एक प्रश्न विचारला नाही. चल.’’

हिवतापाचे जंतू रक्तात लपून बसतात, एका थेंबात सापडतातच असं नाही. हुडहुडी भरते तेव्हा ते सापडण्याचा संभव जास्त, म्हणून तिची वाट बघायची ठरलं. हरणाबाई खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली ती बसलीच नाही. अकराच्या सुमाराला नाथाजीचे दात वाजायला लागले आणि खाट हलायला लागली. तिने धावत जाऊन बाईंना आणलं. बोटाला टोचून तीन काचा केल्या. पहिली काच पाहून बाईंनी नकाराची मान हलवली. दुसरीही बाजूला ठेवली. हरणाबाई त्यांच्या पाठीमागे उभी होती. तिसऱ्या काचेवर बाईंचा हात थांबला.

‘‘आहेत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘भरपूर आहेत. बघ, ये.’’

हरणाबाईने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तांबड्या ठिपक्यांच्या पोटात निळ्या बारीक अंगठ्या दिसल्या. तिने पहिल्यांदाच काही पाहून शिवी दिली, आणि बाईंनी ती ऐकली नाही असं दाखवलं.

हिवतापावरचं कोयनेल जावाहून यायचं; जपान्यांनी ते बेट घेतल्यापासून ते कुलपात असायचं आणि पुराव्याशिवाय बाहेर निघायचं नाही. पुरावा आता काचेवर होता. दहा मिनिटांत कोयनेलची सुई नाथाजीच्या शिरेत होती. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि पाचव्या दिवशी त्याने डोळे उघडून विचारलं, ‘‘आक्का, मुलगी बघायची ऱ्हायली का?’’ हरणाबाई इतके दिवस रडली नव्हती. त्या दिवशी तिने पदर तोंडात कोंबून मोरीत जाऊन रडून घेतलं.

बेड्याबिड्या काही पडल्या नाहीत. शकुंतलाबाईंनी स्वतःच्या हाताने पलटणीला पत्र लिहिलं, माणूस उठून बसण्याच्या अवस्थेत नव्हता म्हणून. उत्तरादाखल महिन्याची आजारपणाची रजा आली. त्यांनी आणखीही एक केलं. नोंदणीच्या खोलीत कागद चिकटवला, की प्रत्येक पुरुष रोग्याला पलटणीत होता का आणि सुई कधी टोचली हे विचारल्याशिवाय नाव लिहू नये. आणि त्या दिवसापासून खालची रांग हरणाबाईने ‘बसली’ किंवा ‘नाही बसली’ म्हटल्याशिवाय त्यांनी कधी कागदावर सही केली नाही. बोलताना ‘तू’चं ‘तुम्ही’ कधी झालं ते दोघींपैकी कोणाच्या ध्यानात आलं नाही. हजेरीपत्रकात मात्र शेवटपर्यंत ‘बाटल्या धुणारी’च राहिलं.

मार्गशीर्षात मुलगी बघायला जायचं निघालं तेव्हा नाथाजी परत हळदीसारखा पिवळा झाला होता. गोळी रोज हरणाबाई स्वतः त्याच्या हातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. नानासो म्हणाला, जरा रंग उतरू दे, मग जाऊ. हरणाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बैल जुंपायलाच गेला.

कडेगावात चंद्राबाईच्या सोप्यात माणसं बसली. मनुबाई पाटावर येऊन बसली, खाली मान घालून. चंद्राबाईने नवऱ्या मुलाकडे एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि शेजारणीच्या कानाला लागली. कावीळ हा शब्द सगळ्यांना ऐकू गेला.

हरणाबाई उठून मधोमध उभी राहिली.

‘‘कावीळ न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘गोळ्यांचा रंग हाय. ह्योच रंग तुमच्या म्होरं दिसू नये म्हनून मीच गोळ्या बंद केल्या हुत्या, आनि माजा भाऊ मरता मरता वाचला. आता त्यो पिवळा हाय म्हनून जिता हाय. तुमाला गोरा पायजे आसंल तर आमी उठतो.’’

तिने कनवटीचा डबा काढला, त्यातली एक गोळी भर बैठकीत नाथाजीच्या तळहातावर ठेवली. गोळी कडू जहर, पाण्याशिवाय उतरायची नाही, आणि पाणी द्यायचं कोणालाच सुचेना. 

मग मनुबाई पाटावरून उठली आणि तिने कोपऱ्यातला तांब्या उचलून नाथाजीच्या पुढे धरला.